नांगराच्या मागून

आमचे हे देवभोळे आहेत असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. भोळा माणूस कधीतरी फसतो. हे कधी फसले नाहीत. फसायची वेळ आली की ती दरवेळी माझ्याच वाट्याला आली.

त्यांची श्रद्धा साधीसुधी नव्हती. गारांनी उभं पीक आडवं केलं तेव्हा शेजारचे डोक्याला हात लावून बसले, आणि हे बांधावर उभं राहून म्हणाले की जमिनीला विश्रांती हवी असेल, त्याला कळतं. वाऱ्याने छप्पर उडालं तेव्हा म्हणाले, बघ, आता पडल्या पडल्या आकाश दिसतं. त्यावर सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, "मग रात्री पाऊस आला की आकाशच पांघर." सासूबाईंना कमी दिसायचं, पण जीभ शाबूत होती. लेकावर त्यांची माया होती, पण त्याच्या देवाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "ह्याचा देव ह्याच्या बापासारखा, कामाची वेळ झाली की सापडत नाही," असं त्या मला हळूच सांगायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे हे माणसांकडून काही घेत नसत. हात पसरायचा तो एकाच दारात, असा त्यांचा नेम. दुकानदाराने मूठभर धान्य वर घातलं तर ते मूठभर परत त्याच्या पोत्यात टाकून येणार. माझ्या भावाने एकदा मला नवी चादर आणली, तर चहापाणी झाल्यावर तीच चादर घडी घालून त्याच्या पिशवीत ठेवून दिली. भाऊ त्यानंतर फारसा आला नाही. सगळे म्हणाले, काय बाणेदार माणूस आहे. बाणेदारपणा ह्यांचा आणि थंडी माझी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

आमचा बैल म्हातारा होऊन मेला. जमीन थोडी, उताराची आणि खडकाळ. नांगर हलका होता, एका बैलाने ओढायचा. दुसरा बैल आणायची ऐपत नव्हती, आणि कुणी वापरायला दिला असता तर ह्यांनी घेतला नसता. मी म्हटलं, निदान देवाकडे तरी एक बैल मागा. त्यावर हे हसले. देवाकडे जनावरं मागतात का, म्हणाले. ते देवाकडे एकच गोष्ट मागत आले होते. रोज सकाळी दार उघडताना हात जोडायचे आणि म्हणायचे, "एकदा माझ्या दारी ये." लग्न होऊन आले त्या सकाळपासून मी ते ऐकत होते. दारातच उभी असायची मी बहुतेक वेळा, पाण्याची घागर घेऊन. हे माझ्या बाजूने वाकून बाहेर बघायचे.

तर बैल मेल्यानंतरच्या हंगामात ह्यांनी गोणपाटाची घडी केली, माझ्या खांद्यावर ठेवली आणि नांगराचा दोर त्यावरून घेतला. एवढा एक हंगाम, म्हणाले. पुढच्या हंगामात तेही म्हणाले नाहीत.

मी पुढे ओढायची, हे मागे नांगराची मूठ, म्हणजे रुमणं, धरून चालायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. डोळे मिटून. ही गोष्ट त्यांनी गावभर सांगितली होती. "मी डोळे मिटतो, रेघ तो ओढतो." आणि खरंच, नांगराने पडलेली रेघ, जिला आम्ही तास म्हणतो, ती ह्यांच्या शेतात दोरी लावल्यासारखी सरळ असायची. लोक बांधावर थांबून बघायचे. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटायचा. माझा नवरा नावात इतका बुडालेला असतो की त्याला पुढे कोण ओढतंय तेही दिसत नाही. दिसलं असतं तर त्याने थांबवलं असतं, हे मी धरूनच चालले होते. त्याच एका गोष्टीवर मी ते हंगाम काढले.

एकदा मी विचारलं होतं की आज तुम्ही ओढा, मी धरते. हे गंभीर झाले. "नांगर धरणं म्हणजे खेळ वाटला का तुला? सगळा भार मनगटावर असतो. ओढणाऱ्याला काय, नुसतं चालायचं." मी पुन्हा विचारलं नाही.

मग एका वर्षी आमच्या शेताच्या वरच्या अंगाला रस्त्याचं काम आलं. खडी, डांबराची पिंपं, एक रोड रोलर आणि ताडपत्रीच्या राहुट्या. माणसं कुठून कुठून आलेली, कुणी कुणाच्या गावचं नाही. त्यांचा स्वयंपाक करणारी एक जाडजूड बाई होती. सगळे तिला मावशी म्हणायचे, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. पहिल्याच दिवशी रोलरवाल्याने मला नांगर ओढताना पाहिलं आणि त्याने रोलर बंद केला. इतका मोठा आवाज एकदम थांबला म्हणून मी मान वर केली. तो खाली उतरून बांधापर्यंत आला आणि ह्यांना विचारलं, दादा, बैल नाही? हे म्हणाले, देवाच्या कृपेने सगळं आहे.

दुपारी मावशी किटलीतून चहा घेऊन आली. ह्यांनी हात जोडून नको म्हटलं. मी बांधाच्या आड जाऊन प्यायले. मी माणसांकडून घेते, पहिल्यापासून घेते, त्याची मला कधी लाज वाटली नाही. मावशीने माझ्या खांद्यावरचं गोणपाट बाजूला करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी वाटीभर तेल घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने लावून गेली. माझ्या आईनंतर त्या खांद्याला कुणी हात लावला नव्हता.

मग एका सकाळी ह्यांनी दार उघडलं, हात जोडले, "एकदा माझ्या दारी ये" म्हणाले, आणि तसेच उभे राहिले. दारात बैल होता.

तपकिरी, एक शिंग मोडलेलं, पण अंगाने धड. आमच्या कुंपणाच्या खांबाला बांधलेला. आजूबाजूला कुणी नाही. त्याने मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. मी मागून आले, बैल पाहिला आणि तिथल्या तिथे खाली बसले. सुटले, एवढंच मनात आलं. मी त्या बैलाच्या गळ्यात पडून रडले असते, पण हे आधीच त्याच्या पायांशी आडवे झाले होते.

मी माळ्यावरून जू काढलं, त्यावरची धूळ पुसली आणि बाहेर आणलं. हे माझ्याकडे बघतच राहिले.

"हे काय करतेस? दारी आलेल्या पाहुण्याला कुणी नांगराला जुंपतं का?"

तेव्हा मला उलगडा झाला. ह्यांनी बैल मागितला नव्हता. ह्यांनी देवाला घरी बोलावलं होतं, आणि तो आला होता.

लोक बैल गेल्यावर झोपा करतात. आमच्याकडे बैल आला आणि आमचाच झोपा गेला. घरातली कोरडी खोली त्याला दिली, आम्ही ओसरीवर. सासूबाईंची गोधडी त्याच्या पाठीवर गेली. चारा मी लांबून डोक्यावरून आणायचा, पाणीही मीच. दुष्काळात तेरावा महिना झाला. हे रोज त्याच्यासमोर बसून नाव घ्यायचे, आणि मग बाहेर येऊन माझ्या खांद्यावर गोणपाट ठेवायचे. ह्यांच्या मनात दोन्हींचा कुठे मेळच बसत नव्हता, किंवा बसत होता, मला तेव्हा कळलं नाही. मी दोर ओढत शेताच्या टोकाला पोचायची, तेव्हा झाडाखाली सावलीत देव रवंथ करत असायचा.

बैलाच्या खुरांना डांबर होतं. पहिल्याच दिवशी पाहिलं मी. ह्यांना दाखवलंही. हा रस्त्याच्या कामावरचा आहे, त्या लोकांनीच आणून बांधला असणार, असं सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "त्याच्या वाटेवर डांबर नसेल कशावरून?" पालथ्या घड्यावर पाणी. सासूबाई म्हणाल्या, "अरे, मग त्याला विचार तरी, रस्ता कधी पुरा होणार."

खालचे तुकडे नांगरून झाले. वरचा तुकडा उरला, सगळ्यात खडकाळ आणि सगळ्यात चढाचा. आमचं वर्षाचं पोट त्या तुकड्यावर असतं, कारण माती तिथलीच चांगली. ओल होती तोवर नांगरायला हवा होता. अर्धा झाला आणि एका सकाळी चढावर माझा पाय दगडावरून सटकला. मी गुडघ्यावर पडले, दोर खांद्यात रुतला, आणि मागच्या रेट्याने नांगर तसाच येत राहिला. फाळ माझ्या टाचेपाशी येऊन थांबला. गुडघा फुटला होता. ह्यांनी रुमणं सोडलं आणि पुढे आले.

"पडलीस होय? मला दिसलंच नाही. नामात होतो," म्हणाले.

माती पुसून मी पुन्हा उभी राहिले, ह्यांनी नांगर उचलून त्या दगडापलीकडे लावला आणि मी तेवढी रेघ पुरी केली. पण दुपारी खांद्याची कातडी गोणपाटाबरोबर निघून आली. उरलेला अर्धा तुकडा मी ओढू शकणार नाही, हे मला समजलं. मी ओढला नाही तर पेरणी नाही, पेरणी नाही तर खायला नाही, आणि खोलीत एक धडधाकट बैल गोधडी पांघरून उभा. मी लंगडत रस्त्याकडे गेले.

मावशी कांदे चिरत होती. मला पाहून आधी हसली आणि विचारलं, कसा आहे आमचा गडी, ओढतो का नीट? मी सांगितलं. ती सुरी हातात धरून ऐकत राहिली. पाण्याच्या गाडीला तो बैल होता, ती म्हणाली. आता टँकर आला म्हणून मुकादम त्याला खाटकाला देणार होता. सगळ्यांनी मिळून मुकादमाच्या विनवण्या केल्या आणि सोडवला. पण तुझा नवरा माणसांकडून चहा घेत नाही, बैल कसा घेईल? म्हणून मावशीनेच शक्कल काढली की उजाडायच्या आत गुपचूप दारात बांधायचा. देवाच्या नावावर तरी घेईल.

"तुझ्यासाठी बांधला होता गं," ती म्हणाली. "ते मागे चालतात ते आम्हाला रस्त्यावरून दिसतच नव्हते. आम्हाला तू दिसायचीस."

तिथे मी रडले. अनोळखी माणसांना मी रस्त्यावरून दिसले होते, आणि त्यांनी माझ्यासाठी एक जनावर खाटकाच्या हातून काढलं होतं. मला वाटलं, आता झालं. हे लोक येऊन सांगतील, ह्यांना पटेल, बैल जुंपला जाईल. खोटं कशाला, मला असंही वाटलं की हे थोडे खजील होतील, आणि मग मी त्यांची समजूत काढीन.

संध्याकाळी काम सुटल्यावर मावशी आणि रोलरवाला आले. हे ओसरीवर बसले होते, सासूबाई भिंतीला टेकून. मावशीने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बैल पाण्याच्या गाडीचा, बांधला आम्ही, देवाचं नाव पुढे केलं ती चूक माझी, आता ह्या बाईच्या खांद्याकडे बघा आणि बैलाला कामाला लावा. रोलरवाल्याने मान हलवली.

हे ऐकत होते. ह्यांची श्रद्धा मोडेल अशी मला भीती वाटत होती. नवऱ्याची काळजी वाटायची सवय अशी सहज सुटत नाही.

"माणसांनी बांधला?" ह्यांनी विचारलं.

"हो, दादा."

"आता तरी जुंप त्याला," सासूबाई म्हणाल्या.

हे उठले, खोलीत गेले, बैलाच्या पाठीवरची गोधडी काढली, नीट घडी घातली आणि आईच्या मांडीवर ठेवली. मग बैलाला बाहेर आणलं आणि कासरा रोलरवाल्याच्या हातात दिला. राग नव्हता चेहऱ्यावर, दुःखही नव्हतं. बाजारातून चुकून दुसऱ्याची पिशवी आली आणि ती परत केली, इतकं साधं.

"तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले. "पण मी माणसांकडून घेत नाही. माझा पाहुणा यायचा आहे अजून, येईल तो."

मावशीने विचारलं, "अहो, पण नांगर कोण ओढणार?"

ह्या प्रश्नाचं ह्यांना नवल वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"देवानं मला ही दिलीय ना. बैल थकतो, अडून बसतो, शिंग मारतो. ही कधी अडली नाही. हूं नाही की चूं नाही. त्यानं मला जे जे दिलं, त्यात हिच्यासारखं काही नाही."

मावशीने मान फिरवली. मी इतकी वर्षं ह्यांच्या तोंडून माझ्याबद्दल एक चांगला शब्द ऐकायची वाट पाहत होते, आणि तो आला होता, चारचौघांत, पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी. त्यात खोटं काही नव्हतं. ह्या माणसाने मला खरोखरच मनापासून बैल मानलं होतं आणि त्यासाठी रोज देवाचे आभार मानले होते. मला वाटत होतं की मी त्याची बायको आहे आणि वेळ पडली म्हणून ओढतेय. असा विश्वासघात कुणी भरल्या डोळ्यांनी, हात जोडून करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी ओसरीवरून उतरले.

"मावशी, हा कुणासाठी बांधला होता?"

"तुझ्यासाठी."

"मग द्या इकडे. मी माणसांकडून घेते."

रोलरवाल्याने कासरा माझ्या हातात दिला. हे म्हणाले की त्या बैलामागे ते रुमणं धरणार नाहीत. मी म्हटलं, नका धरू. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग ते आत जाऊन दिव्यासमोर बसले, आणि थोड्या वेळाने आतून त्यांचं नाव घेणं ऐकू यायला लागलं.

सकाळी रोलरवाल्याने कामावर जायच्या आधी जू बसवून दिलं आणि बैल वरच्या तुकड्यात उभा केला. रस्ता आता पुढे सरकणार होता, त्यांचं सामान बांधून झालं होतं. मावशीने लांबून हात केला. मी पहिल्यांदा रुमण्याला हात लावला तेव्हा मनगटं ताठ करून धरलं, कारण सगळा भार मनगटावर असतो असं मला सांगितलेलं होतं. बैल चालायला लागला. भार कसला आणि काय! हात नुसते ठेवायचे आणि चालायचं. जिथे रेघ कलते तिथे जरासं दाबायचं. एवढंच काम होतं ते. मला हसू आलं.

मग मी समोर पाहिलं. बैलाची पाठ दिसत होती. चढाला त्याच्या मागच्या पायांचे स्नायू थरथरायचे ते दिसत होतं. जू मानेवर कुठे घासतंय तेही दिसलं. धाप लागली की त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. मी त्याला थांबवलं, दम खाऊ दिला, मग पुन्हा हाकलं. कुणी शिकवावं लागलं नाही. मागे चालणाऱ्याला दुसरं काही दिसतच नाही.

पण हे डोळे मिटायचे, मी स्वतःला सांगितलं. अजूनही मला ते खरं असायला हवं होतं. म्हणून मी डोळे मिटले. देवाचं नाव घेतलं, ह्यांच्यासारखंच, चालीत. चार पावलं गेले असेन, फाळ उजवीकडे सरकला आणि दगडावर वाजला. डोळे उघडले तर रेघ सापासारखी वळलेली. बैल मागे फिरवला आणि पुन्हा मिटून पाहिले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी डोळे उघडे ठेवले, बैलाच्या दोन खांद्यांच्या मधोमध नजर लावली, आणि रेघ सरळ आली.

शेजारीच मी ओढलेल्या रेघा होत्या, गेल्या दिवसांतल्या. खालपासून वरपर्यंत, दोरी लावल्यासारख्या. मी त्यांच्या कडेने चालत त्या दगडापर्यंत गेले जिथे मी पडले होते. मातीत माझ्या गुडघ्याची खूण अजून होती. तिच्यामागे रेघ होती, फाळ थांबला होता तिथपर्यंत. ती कुठेही वाकडी नव्हती.